पिकअपचा एसी सिग्नलला गरम होतो, पण गेज म्हणतो सगळं ठीक

प्रश्न थोडक्यात असा: एकेरी केबिनची डिझेल पिकअप. पहाटे वाशी मार्केटला भाजी भरायची, दादर-परळला टाकायची. पहाटे एसी एकदम झकास. परतताना अकरा-बाराच्या उन्हात सायनला ट्रॅफिकमध्ये अडकलं की गरम हवा. गाडी सुटून पळायला लागली की परत थंड. गॅरेजमध्ये दोन महिन्यांत दोनदा गॅस भरून झाला. शेवटी मालकाने स्वतःच ऑनलाइन एक छोटा गेज मागवला. डब्यावर बसवायचा, एकाच काट्याचा. सकाळी लावून बघितला तर काटा हिरव्या पट्ट्यात, ४५ पाउंडांवर (म्हणजे पीएसआय, दर चौरस इंचाला पाउंड). मग बिघाड कुठे, आणि प्रेशर नक्की पाहिजे तरी किती?

आधी उत्तर सांगतो, मग कारण. ४५ पाउंड चुकीचे नाहीत. पण तो काटा अर्धीच गोष्ट सांगतो, आणि तुम्ही तो गाडी बरी असतानाच्या वेळी बघितलात. दुखतं तेव्हा नाडी बघायची. तुमच्या गाडीत गॅस कमी नाही, उलट दोनदा भरल्यामुळे जास्त झाला असण्याची शक्यता मोठी, आणि मूळ दुखणं बहुधा पुढे कंडेन्सरकडे, म्हणजे ग्रीलमागे गॅसची उष्णता बाहेर सोडणाऱ्या पात्यांच्या भागाकडे आहे. आता तिसऱ्यांदा कोणालाही गॅस भरू देऊ नका.

सव्वीस वर्षं हेच काम करतोय. लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत कुठली म्हणाल, तर प्रेशर म्हणजे आत किती गॅस आहे त्याचं माप. तसं नाही. घरातला सिलिंडर बघा. आत चार किलो असो की दहा, आतलं प्रेशर साधारण तेवढंच. का? कारण आत पातळ, म्हणजे द्रव झालेला गॅस शिल्लक आहे तोवर वरचं प्रेशर तपमानावर ठरतं, वजनावर नाही. गाडीच्या एसीत भरतात त्या आर-१३४ए गॅसचंही तसंच. एसी बंद, इंजिन गार, गाडी रात्रभर सावलीत उभी असेल तर दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं आणि ते हवेच्या तपमानाप्रमाणे येतं: २५ डिग्रीला साधारण ८२ पाउंड, ३० डिग्रीला ९७, ३५ ला ११४. म्हणजे एसी सुरू न करता गेज लावून कोणी ९५ दाखवले आणि म्हणाला ‘गॅस फुल आहे’, तर त्याला एवढंच कळलंय की गॅस संपलेला नाही. तीनशे ग्रॅम असला तरी ९५ आणि सहाशे असला तरी ९५.

पण हाच उभ्या गाडीचा आकडा दुसऱ्या कामाला फार उपयोगी आहे. ते पुढे सांगतो.

माझे उस्ताद गेज लावायच्या आधी दोन्ही पाइपांना हात लावायचे. जाड पाइप केबिनमधून गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे येतो, तो गार आणि घामेजलेला हवा. बारीक पाइप कंडेन्सरमधून केबिनकडे जातो, तो कोमट ते गरम. ‘हाताला जे कळत नाही ते काट्याला विचार,’ असं म्हणायचे. तेव्हा आर-१२ या जुन्या गॅसचा जमाना होता आणि आमच्याकडे गेजचा एकच सेट, तोही फुटक्या काचेचा, त्यामुळे हे तत्त्व होतं की नाइलाज, देव जाणे. पण सवय चांगली लागली. फक्त कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या पाइपाला हात लावू नका, चटका बसेल.

आता दोन काट्यांचा सेट. निळा लो साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या कमी प्रेशरच्या बाजूचा, लाल हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त प्रेशरच्या बाजूचा, मधला पिवळा पाइप गॅसचा किंवा व्हॅक्यूम पंपाचा. आर-१३४ए च्या गाडीत लो साइडचं तोंड १३ मिलिमीटरचं आणि जाड पाइपावर, हाय साइडचं १६ मिलिमीटरचं आणि बारीक पाइपावर, म्हणून निळा कपलर लाल जागी बसतच नाही. टोपणांवर बहुतेक वेळा एल आणि एच लिहिलेलं असतं, पिकअपमध्ये ते धुळीने आणि तेलाने बुजलेलं असतं. पुसून बघा. सेटचे दोन्ही वॉल्व बंद करायचे, मग इंजिन बंद असताना कपलर बसवायचे. कॉलर वर ओढायची, दाबायचं, टक् आवाज आला की सोडायचं, मग वरची कळ फिरवून पिन दाबायची. डोळ्यांना गॉगल आणि हातात मोजे. गॅस उसळून बोटावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विचारू नका. शेजारी वेल्डिंग नको, विडी-सिगरेट नको, कारण हा गॅस ज्योतीत सापडला की विषारी वाफ होते.

आणि गॅसचा डबा जोडलेला असताना इंजिन चालू ठेवून लाल वॉल्व कधीही, कधीही उघडायचा नाही. हाय साइडचे अडीचशे-तीनशे पाउंड उलटे डब्यात शिरतात. मी पोऱ्या असताना हे केलंय. डबा हातात गरम होतोय हे कळलं तेव्हा उस्तादांनी लांबूनच शिवी हासडली, मी वॉल्व बंद केला आणि वाचलो. डब्याचा तळ बाहेर फुगला होता. तो डबा नंतर कित्येक वर्षं गॅरेजच्या फळीवर ठेवला होता, नवीन पोरांना दाखवायला.

चाचणी अशी घ्यायची. इंजिन सुरू करून हजार-दीड हजार आरपीएमवर धरायचं, एसी पूर्ण थंडवर, ब्लोअर शेवटच्या नंबरवर, दोन्ही दरवाजे उघडे. दरवाजे उघडे का, तर एसीवर पूर्ण भार यावा म्हणून. केबिन थंड झाली की सगळे आकडे खाली येतात आणि खोटं समाधान मिळतं. पाच-दहा मिनिटं द्या, मग वाचा. डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचून ठेवा, स्वयंपाकघरातला चालतो.

मुंबईत ३२-३३ डिग्रीच्या दिवशी निरोगी गाडीत लो साइड ३० ते ४५ च्या दरम्यान, हाय साइड २०० ते २५० मिळाली पाहिजे. मे महिन्यात दुपारी घामाच्या धारा लागलेल्या असतात तेव्हा लो ५० ला टेकली आणि हाय २७० पर्यंत गेली तरी मी घाबरत नाही. इथे एक गोष्ट उत्तरेकडच्या व्हिडिओंत कोणी सांगत नाही. आपल्या हवेत पाणी फार. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला हवा गार करायच्या आधी त्यातलं पाणी काढावं लागतं, तेच खाली टपटप गळतं. त्यात बरीच ताकद जाते. म्हणून तेवढ्याच तपमानाला कोरड्या हवेत जी लो साइड दिसते त्यापेक्षा आपल्याकडे थोडी वर दिसते, आणि जाळीतली हवाही चार-पाच डिग्री मिळत नाही. भर दुपारी दरवाजे उघडे ठेवून दहा-बारा डिग्री मिळाली तर एसी ठीक आहे. नव्या काही गाड्यांत स्वतःहून कमी-जास्त होणारा कॉम्प्रेसर येतो. तो लो साइड मुद्दाम एका जागी धरून ठेवतो. तिथे एकट्या निळ्या काट्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका.

तुमच्या गाडीचं आता. दुपारी, गाडी उभी, इंजिन मंद, गरम हवा यायला लागली की तेव्हा दोन्ही काटे बघा. माझा अंदाज, लो साठच्या वर आणि हाय तीनशेच्या वर सापडेल. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर गार करतो, थांबली की ते काम फक्त पंख्याचं. पंखा कमी पडला की आतला गरम गॅस पातळ होत नाही, प्रेशर चढत जातं, आणि दर चौरस सेंटिमीटरला ३२ किलोच्या, म्हणजे साडेचारशे पाउंडांच्या आसपास प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडून टाकतो. मग उरतो तो नुसता ब्लोअर. ‘सिग्नलला गरम’ म्हणजे बहुतेक वेळा हेच.

खात्री करायला महागडं यंत्र लागत नाही. एक बादली पाणी लागतं. काटे वर असताना ग्रीलमधून कंडेन्सरवर मगाने पाणी सोडा. हात पंख्यापासून लांब, पाणी वायरिंगवर नको. हाय साइड सव्वातीनशेवरून झपाट्याने सव्वादोनशेवर आली आणि जाळीतली हवा मिनिटाभरात गार झाली, तर गॅसला, कॉम्प्रेसरला, एक्स्पान्शन वॉल्वला (बारीक छिद्रातून गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणारा वॉल्व) काही झालेलं नाही. हवा जात नाहीये, एवढंच.

हवा का जात नाही, तर पिकअपमध्ये त्याची कारणं कारपेक्षा वेगळी असतात. ससून डॉकवरून मासळी वाहणारी एक पिकअप माझ्याकडे आली होती. बाहेरून कंडेन्सर ठीकठाक दिसत होता. ग्रील काढून बॅटरी मारली तर खालच्या अर्ध्या भागातल्या पात्या पांढऱ्या पडलेल्या. नखाने हात लावला तर भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला. खारी हवा आणि बर्फाचं मासळीचं पाणी, दोन्ही मिळून अॅल्युमिनियम खाऊन टाकतात. पाइप शाबूत होता म्हणून गॅस गळत नव्हता, पण पातीच नाही तर उष्णता सोडणार कोण? त्याच गाडीत तीन वेळा गॅस भरून झाला होता. कंडेन्सर बदलला आणि विषय संपला.

तुमची भाजीची गाडी, तिथे वेगळं सापडेल. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कोथिंबिरीची पानं, पिशव्यांचे तुकडे, चिखल, सगळा थर बसतो आणि समोरून दिसत नाही. ग्रीलमागे डासांची जाळी लावली असेल तर काढा. दसऱ्याचं झेंडूचं तोरण दिवाळीपर्यंत ग्रीलवर वाळत ठेवणारे बहाद्दर मला दरवर्षी भेटतात. धुताना प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पात्या झोपतात. साध्या पाइपाने इंजिनकडून पुढच्या दिशेने पाणी सोडा, घाण आली तशी निघते. मग पंखा बघा. इलेक्ट्रिक असेल तर एसी लावल्यावर फिरतो का, जोरात फिरतो का, उलटा तर फिरत नाही ना. मोटर बदलताना वायरी उलट जोडलेल्या मी बघितल्यात. पट्ट्यावरचा असेल तर इंजिन गरम करून, बंद करून, चावी काढून हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा फिरला तर त्याचं कपलिंग गेलं. आणि पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा श्राउड जागेवर आहे ना ते बघा. रेडिएटरचं काम झालं की तो परत बसवायचा आळस होतो, आणि मग पंखा कंडेन्सरमधून ओढायच्या ऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो.

पाणी टाकूनही हाय साइड हवी तेवढी उतरली नाही, तर दोन शक्यता. एक, गॅस जास्त झालाय. जास्तीचा पातळ गॅस कंडेन्सरच्या खालच्या भागात साचतो, तेवढी जागा कामातून जाते, कंडेन्सर लहान झाल्यासारखं होतं. दुसरी, आत हवा शिरलीय. पाइपातली हवा न काढता डबा लावून भरला की हवा आत जातेच, आणि ती पातळ होत नाही, नुसती जागा अडवून बसते. इथे तो उभ्या गाडीचा आकडा कामाला येतो. रात्रभर सावलीत उभी गाडी, सकाळी इंजिन न लावता गेज लावा आणि तिथलं तपमान मोजा. ३० डिग्रीला ९७ च्या आसपास यायला हवेत. ११५-१२० आले तर आत हवा आहे, किंवा दुसराच कुठला गॅस मिसळलाय. नुसता जास्त भरलेला असेल तर हा आकडा वाढत नाही. हा फरक ओळखायला मला कोणी पैसे देत नाही, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात.

दोन्हींचं औषध मात्र एकच. सगळा गॅस रिकव्हरी मशीनने, म्हणजे हवेत न सोडता ओढून घेणाऱ्या यंत्राने काढायचा, व्हॅक्यूम मारायचा, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची, आणि वजन करून भरायचा. किती ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. एकेरी केबिनला साधारण अर्धा किलोच्या आगेमागे. स्टिकर गेला असेल तर कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकातून काढा, अंदाजे नको. ‘काटा बघत भरतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. थोडा सोडून देतो म्हणणाऱ्यालाही. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट हवा तापवतो. अर्धा किलो सोडणं म्हणजे अडीचशे लिटरहून जास्त डिझेल जाळल्यासारखं.

बाकीच्या जोड्या भराभर सांगतो. दोन्ही काटे खाली, म्हणजे लो दहा-पंधरा आणि हाय शंभर-सव्वाशे, आणि कॉम्प्रेसरचा क्लच सारखा टक्-टक् लागतोय-सुटतोय: गॅस खरंच कमी आहे. लो वर आणि हाय खाली, दोन्ही सत्तर-दीडशे असे जवळ जवळ आलेले, एसी बंद केल्या केल्या बरोबरीला येतात: कॉम्प्रेसर आतून झिजलाय. लो शून्याच्याही खाली व्हॅक्यूममध्ये ओढली जातेय: कुठेतरी अडलंय, गॅसमधली ओल शोषणाऱ्या ड्रायरमध्ये किंवा एक्स्पान्शन वॉल्वला. पाइपावरून हात फिरवत जा, जिथे एकदम गार किंवा बर्फ लागतो तिथे बूच आहे. आणि दोन्ही काटे अगदी बरोबर, तरी केबिन गरम: मग प्रेशरचा विषयच नाही. हीटरचं गरम पाणी चालू राहिलंय, आतली झडप अडकलीय किंवा कूलिंग कॉइलवर धुळीची गोधडी बसलीय.

एक दुखणं मात्र खास आपल्या पावसाळ्याचं आहे. काटे पंधरा-वीस मिनिटं छान चालतात, मग लो हळूहळू व्हॅक्यूममध्ये जाते, गार हवा बंद. एसी बंद करून दहा मिनिटं थांबा, परत सगळं ठीक. आत ओल आहे. तिचा थेंब एक्स्पान्शन वॉल्वच्या बारीक छिद्रात गोठतो, वाट बंद होते, वितळला की उघडते. एकदा जुलैत आमच्याच पोराने पाइप उघडे ठेवून जेवायला सुट्टी घेतली. बाहेर धो धो पाऊस. तासाभरात कॉम्प्रेसरच्या तेलाने आणि ड्रायरने हवेतली ओल पिऊन घेतली, आणि आठवडाभरात गाडी हेच लक्षण घेऊन परत. ड्रायर माझ्या खिशातून बदलला. तेव्हापासून पाइप सुटला की त्याच मिनिटाला टोपण, नाहीतर प्लास्टिक आणि रबर. पावसाळ्यात व्हॅक्यूम अर्ध्या तासाच्या खाली मारत नाही, पाऊण तास झाला तरी चालेल. मग पंप बंद करून वीस मिनिटं काटा बघायचा. हलला तर गळती आहे, गॅस भरायचा नाही.

गळतीबद्दल एवढंच की गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. वर्षाला थोडा झिरपतो, पण दोन महिन्यांत संपला तर भोक आहे. पिकअपमध्ये भार जास्त, हादरे जास्त. पाइप चॅसिसला घासतो, कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचा बोल्ट ढिला होतो, सांध्याची ओ-रिंग कडक होते. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणून जिथे धूळ ओली काळी चिकटलेली दिसेल तिथे साबणाचं पाणी लावा. प्रेशर द्यायचं तर नायट्रोजनचं. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, ऑक्सिजन तर नावही काढू नका.

स्वस्त गॅसचा मोह आवरा. बाजारात एलपीजीच्या जातीचा गॅस आर-१३४ए च्या जागी भरणारे आहेत. थंडही करतो, प्रेशरही पटण्यासारखं दाखवतो. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, तिथे गळला तर बंद केबिनमध्ये साठतो, आणि ड्रायव्हर काडी ओढतो. डब्यावरचं नाव वाचा, सील तुमच्यासमोर फोडायला सांगा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय. तुमची पिकअप त्या नियमात बसत नाही, पण हे काम आता वाढणार आणि काट्यावर गॅस भरणारेही वाढणार. गॅरेजमध्ये गेलात की ‘गॅस भरा’ असं म्हणू नका, तुम्ही म्हणाल ते तो करेल. ‘दुपारी उभ्या गाडीत दोन्ही प्रेशर दाखव आणि कंडेन्सरवर पाणी मारून परत दाखव’ असं सांगा. आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बाहेरच्या तपमानासकट.

आणि गेज काढल्यावर दोन्ही टोपणं परत लावून घ्या. आतली पिन वॉल्व नव्वद टक्के वेळा धरते, दहा टक्के वेळा वाळूचा कण अडकून फुसफुसत राहते, आणि तेव्हा आतल्या रबरी रिंगेसकटचं ते टोपणच गॅस अडवतं. टोपण हरवलेल्या पिकअप माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन येतात. म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये टोपणांची एक बरणी भरलेली असते.